ग्लासातला गहू, उरणचा मोह

बिअर हा विषय निघाला की मराठी घरात दोन गोष्टी होतात. एक तर आवाज एकदम खाली जातो, नाही तर उगाचच वर चढतो. आज आपण मधल्या पट्टीत बोलू या. पिणाऱ्यांना उत्तेजन द्यायचं नाही आणि न पिणाऱ्यांना शिकवणीही द्यायची नाही. एका ग्लासाच्या निमित्ताने थोडा इतिहास बघायचा आहे, आणि तो आपल्या दारापर्यंत, म्हणजे पनवेल-उरणच्या खाडीपर्यंत येऊन पोचतो.

गेल्या पंधरा-सोळा वर्षांत पुणे, मुंबई आणि नवी मुंबईतल्या हॉटेलांमधून एक नवी बिअर दिसू लागली आहे. लहान भट्टीत, थोड्या थोड्या प्रमाणात बनवलेली. तिला क्राफ्ट बिअर म्हणतात. त्यातलाच एक प्रकार म्हणजे गव्हाची बिअर आणि आयपीए यांचा संकर. काही ठिकाणी त्याला व्हाइट आयपीए म्हणतात. गव्हाची बिअर मऊ, जरा गोडसर आणि सुवासिक. आयपीए म्हणजे इंडिया पेल एल, ही झणझणीत कडू. दोघींचे स्वभाव अगदी सासू-सुनेसारखे वेगळे. तरीही त्या एका ग्लासात नांदतात.

चव घेणाऱ्या जाणकारांची एक ठरलेली रीत असते. आधी डोळ्यांनी बघायचं, मग नाकाने हुंगायचं, मग जिभेवर घ्यायचं, आणि गिळल्यावर घशात काय रेंगाळतं तिकडे लक्ष द्यायचं. आपणही त्याच क्रमाने जाऊ. जाता जाता एक गोष्ट ध्यानात येईल. या ग्लासातली एकही चव निव्वळ चवीपायी जन्माला आलेली नाही. प्रत्येकीच्या मागे कुठला तरी हुकूम, कुठला तरी कर किंवा कुठली तरी मनाई उभी आहे.

पहिल्यांदा डोळा. नेहमीची बाटलीतली बिअर सोन्यासारखी नितळ असते. ही मात्र गढूळ, फिकट पिवळी. तांदळाची पेज थोडा वेळ ठेवल्यावर वरची निवळ जशी दिसते, साधारण तशी. वर पांढऱ्या फेसाचा जाड थर असतो आणि तो लवकर विरत नाही. हा सगळा गव्हाचा प्रताप. बिअर मुळात बार्लीची, म्हणजे जवाची. आपण मटकीला आणतो तसे मोड जवाला आणायचे, ते सुकवायचे, हलके भाजायचे. याला माल्ट म्हणतात. मग ते भरडून गरम पाण्यात भिजवायचं, गोड पाणी गाळून घ्यायचं, ते उकळायचं, थंड करायचं आणि यीस्ट घालून आंबवायचं. जवाच्या दाण्याला टरफल असतं. गाळताना हे टरफलच गाळणीचं काम करतं. गव्हाला मळणीनंतर टरफल उरत नाही, आणि त्यात प्रथिनं जास्त. त्यामुळे नुसत्या गव्हाचं मिश्रण भांड्यात चिकट होऊन बसतं, गाळता गाळता माणूस हैराण होतो. म्हणून गव्हाच्या बिअरमध्येही जव मिसळावाच लागतो. ही प्रथिनं आणि न बसलेलं यीस्ट यांनी बिअर गढूळ दिसते, आणि फेस टिकतो तोही त्या प्रथिनांमुळेच.

आता पहिला हुकूम. २३ एप्रिल १५१६ या दिवशी जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांताच्या ड्यूकने इंगोलश्टाट गावी एक फर्मान काढलं. बिअर बनवायची ती फक्त जव, हॉप्स आणि पाणी यांचीच. शुद्धतेचा कायदा म्हणून हे फर्मान आज मोठ्या अभिमानाने मिरवलं जातं. पण शुद्धतेइतकाच त्यामागे भाकरीचा प्रश्न होता. गहू आणि राय ही धान्यं पावासाठी राहावीत, बिअरवाल्यांनी ती पळवून भाव चढवू नयेत, असा त्यातला एक हेतू मानला जातो. दुष्काळात धान्याची दारू करू नये, असं आपल्याकडेही म्हटलं जातंच. तोच न्याय.

पण कायदा सगळ्यांना सारखा असतो असं थोडंच आहे? बव्हेरियातल्या डेगेनबर्ग नावाच्या सरदार घराण्याला गव्हाची बिअर बनवायची खास मुभा मिळाली. १६०२ मध्ये ते घराणं निर्वंश झालं आणि हा हक्क ड्यूक मॅक्सिमिलियनकडे आला. मग काय, जी बिअर रयतेला मना होती ती राजाने स्वतःच्या भट्ट्यांमध्ये बनवून रयतेला विकायला सुरुवात केली. त्या मक्तेदारीने खजिन्यात अमाप पैसा आणला. गव्हाची ढगाळ बिअर आज आपल्याला साधीभोळी वाटते. खरं तर ती दोन शतकं राजाची दुभती गाय होती. पुढे लोकांची आवड बदलली, गव्हाची बिअर मागे पडली, आणि १८७२ मध्ये गेऑर्ग श्नायडर नावाच्या एका बिअरवाल्याने म्युनिकमध्ये ती बनवायचा हक्क राजाकडून मिळवला, तेव्हा कुठे ती सामान्य माणसाच्या भट्टीत आली.

बेल्जियममध्ये गव्हाच्या बिअरची आणखी एक परंपरा होती. हूखार्डन हे तिचं गाव. तिथली शेवटची जुनी भट्टी १९५७ च्या सुमारास बंद पडली. ती चव गेली ती गेलीच, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. पण लहानपणी त्या भट्टीत हात घातलेला पिएर सेलिस नावाचा एक दूधवाला गावात होता. त्याने १९६६ मध्ये स्वतःची भट्टी लावली आणि ती बिअर पुन्हा सुरू केली. आज जगभर मिळणारी बेल्जियन धाटणीची गव्हाची बिअर या एका दूधवाल्याच्या आठवणीवर उभी आहे.

आता नाक. गव्हाच्या जर्मन बिअरला लवंगेचा आणि पिकलेल्या केळ्याचा वास येतो. त्यात लवंगही नसते आणि केळंही नसतं. त्यातलं यीस्ट आंबवता आंबवता ते वास तयार करतं. बेल्जियन प्रकारात मात्र धने आणि संत्र्याची वाळवलेली साल खरोखरच घालतात. म्हणजे आपल्या फोडणीच्या डब्यातला एक माणूस तिथेही आहेच. त्यांच्यावर आयपीएचा वास येऊन बसतो. हा वास हॉप्सचा. हॉप ही एक वेल. तिच्या मादी फुलांचे हिरवे, खवल्याखवल्यांचे बोंड असतात, तेच बिअरमध्ये वापरतात. अमेरिकेतल्या हॉप्सच्या काही जातींना पपनसाच्या सालीसारखा वास असतो. पपनस हातात घेऊन नखाने साल टोकरली की जो उडतो तो. कॅस्केड नावाची जात अमेरिकेच्या शेती खात्याने १९७२ मध्ये बाहेर आणली आणि या वासाची लाट तिथूनच सुरू झाली.

हा हॉप आपल्याकडे नगण्यच पिकतो. उन्हाळ्यात लांबच लांब दिवस आणि हिवाळ्यात कडक थंडी असेल तरच ही वेल नीट फुलते. हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात तिची थोडी लागवड झाली. पण महाराष्ट्राच्या अक्षांशावर ती मनापासून फुलत नाही. तेव्हा इथे बनणाऱ्या कडू बिअरमधला कडूपणा बहुतेक वेळा परदेशाहूनच आणावा लागतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिचं काम पडणार आहे.

मग जीभ. पहिला घोट घेतला की गहू पुढे येतो. मऊ, थोडा ब्रेडसारखा. मग मागून कडूपणा चढत जातो. बिअरचा कडूपणा मोजायचं एक माप आहे, आयबीयू. गव्हाच्या जर्मन बिअरचा आकडा साधारण ८ ते १५ असतो. व्हाइट आयपीएचा ४० ते ७० पर्यंत जातो. कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच, अशी आपली म्हण आहे. इथे म्हण थोडी लंगडी पडते. गव्हाच्या मऊपणात हा कडूपणा कमी होत नाही, पण सुसह्य होतो. गुढीपाडव्याला कडुलिंबाच्या पानात गूळ घालून आपण खातो, तेव्हा लिंब गोड होत नाही, पण घशाखाली उतरतो. तसंच.

हा कडूपणा आला कुठून? इथे आपल्या देशाचं नाव येतं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या पूर्वेला बो नावाच्या भागात हॉजसन यांची भट्टी होती. ती १७५२ ची. तिथून जवळच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं नांगर टाकून असत. जहाजाच्या कप्तानाला स्वतःचा थोडा माल नेऊन विकायची परवानगी असे. हॉजसन त्यांना बिअर देई, तीही वर्ष-दीड वर्षाच्या उधारीवर. कप्तान खूष. जहाज निघालं की आफ्रिकेला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार ते सहा महिन्यांनी मुंबई, मद्रास, नाही तर कलकत्त्याला लागायचं. इतक्या प्रवासात साधी बिअर आंबट होऊन जाई. पण ज्या फिकट बिअरमध्ये हॉप्स भरपूर असत ती टिकायची, कारण हॉप्समधला कडू अंश बिअर आंबवणाऱ्या जिवाणूंना वाढू देत नाही. एवढंच नाही, तर पिंपात हेलकावे खात खात ती मुरायची आणि उतरायची ती जास्त चांगली होऊन.

आयपीए हिंदुस्थानासाठी मुद्दाम शोधून काढली, अशी एक गोष्ट सर्रास सांगितली जाते. ती पुरती खरी नाही. इंग्लंडमधल्या जमीनदारांच्या घरी वर्षानुवर्षं मुरवायची कडक, फिकट बिअर आधीपासून बनत होती. हॉजसनने फक्त ती बरोबर जहाजात चढवली. आणि इथे आलेले गोरे सगळे तीच पीत, हेही खरं नाही. साध्या शिपायांसाठी काळी पोर्टर बिअर मोठ्या प्रमाणावर यायची. फिकट, महाग बिअर होती ती साहेबलोकांची, अधिकाऱ्यांची आणि व्यापाऱ्यांची.

इथे आणखी एक हुकूम आला, तोही थेट रशियातून. इंग्लंडमधल्या बर्टन गावचे बिअरवाले पूर्वी रशियाला माल पाठवायचे. १८२२ मध्ये रशियाने जबर आयातकर लावला आणि त्यांचा धंदा बसला. त्याच सुमारास हॉजसनची भट्टी फार शेफारली होती. उधारी बंद, भाव वाढवलेले, वर स्वतःच माल पाठवायची तयारी. कंपनीचे एक संचालक कॅम्पबेल मार्जोरिबँक्स यांनी बर्टनच्या सॅम्युअल ऑलसॉपला हिंदुस्थानाकडे बघायला सांगितलं. ऑलसॉपच्या माणसाने पहिला नमुना चहाच्या किटलीत उकळला, अशी आख्यायिका आहे. किटलीचं खरं-खोटं काहीही असो, बर्टनच्या विहिरींचं पाणी या बिअरला फार मानवलं. त्या पाण्यात जिप्सम भरपूर. त्याने कडूपणा स्वच्छ आणि धारदार लागतो. हॉजसन मागे पडला, बर्टन पुढे गेलं. आणि या बिअरचं 'ईस्ट इंडिया पेल एल' हे नाव छापील स्वरूपात सगळ्यात आधी जिथे सापडतं त्यांतली एक जागा म्हणजे १८२९ मधली ऑस्ट्रेलियातल्या सिडनीच्या वर्तमानपत्राची जाहिरात. म्हणजे बिअर इंग्लंडची, नाव इंडियाचं आणि जाहिरात ऑस्ट्रेलियाची.

पुढे इथेही इंग्रजांनी भट्ट्या लावल्या. एडवर्ड डायर यांनी १८५० च्या दशकात हिमाचलात कसौलीला बिअरची भट्टी उभी केली. थंड हवा आणि झऱ्याचं पाणी दोन्ही तिथे होतं. जालियनवाला बागेत गोळ्या झाडायचा हुकूम देणारा जनरल डायर हा त्यांचाच मुलगा. इतिहासात माणसं अशी अवचित एकमेकांच्या शेजारी येऊन बसतात.

विसाव्या शतकात आयपीए तिच्या माहेरीच आजारी पडली. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये बिअरवर कर वाढले, ताकद कमी करायची बंधनं आली. नाव राहिलं, आत पाणी झालं. तिला पुन्हा उठवलं अमेरिकेने. तिकडे १९२० ते १९३३ देशभर दारूबंदी होती, त्यात लहान भट्ट्या मोडून गेल्या होत्या. १९७८ मध्ये घरच्या घरी बिअर बनवायला तिथल्या केंद्र सरकारने परवानगी देणारा कायदा केला. स्वयंपाकघरात पातेल्यात बिअर उकळणारी पोरं पुढे भट्ट्यांची मालक झाली. त्यांनी जुन्या पुस्तकांतून आयपीए शोधून काढली आणि तिच्यात पपनसाच्या वासाचे हॉप्स ओतले. २०११ मध्ये ऑरेगनमधली डेशुट्स आणि कॅन्सस सिटीमधली बुलेवार्ड या दोन भट्ट्यांनी मिळून एक बिअर काढली. बुलेवार्डचा भट्टीप्रमुख मूळचा बेल्जियमचा, डेशुट्स भट्टी हॉप्सच्या मुलखातली. धने आणि संत्र्याची साल त्याची, हॉप्स यांचे. व्हाइट आयपीए हे नाव रूढ व्हायला या बिअरची मोठी मदत झाली, आणि २०१५ मध्ये अमेरिकेतल्या बिअर परीक्षकांच्या नियमावलीत तो प्रकार नावानिशी दाखल झाला.

इथवर डोळा, नाक आणि जीभ झाली. उरला घसा. गिळल्यानंतर जे रेंगाळतं ते. आणि माझ्या मते इथेच या ग्लासाची खरी गोष्ट सुरू होते, कारण आता आपण आपल्या गावात येतो.

नवी मुंबई हे शहर आज कितीही नवं दिसलं, तरी ते ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर उभं आहे. सिडकोची स्थापना १९७० ची. त्याआधी इथे मिठागरं होती, भाताची खाचरं होती, आगरी-कोळ्यांची गावं होती आणि उरण होतं. एकोणिसाव्या शतकात उरण दारूच्या भट्ट्यांसाठी प्रसिद्ध होतं. तिथे मोहाच्या फुलांची दारू निघायची. भट्ट्या प्रामुख्याने पारशी मालकांच्या. मोरा बंदरातून समोर मुंबई दिसते. मुंबई शहराच्या गुत्त्यांत जाणाऱ्या देशी दारूचा मोठा वाटा हा असा खाडीपलीकडून, उरणहून यायचा. म्हणजे ज्या काळात बर्टनची पिंपं आफ्रिकेला वळसा घालून मुंबईच्या बंदरात उतरत होती, त्याच काळात त्याच बंदराच्या पलीकडच्या काठावर आपली दारू गाळली जात होती.

गावात मात्र दारू गाळणं हा कारखान्याचा धंदा नव्हता. भंडारी माडांवर चढून माडी काढायचे, ताडाची ताडी काढायचे. कातकरी, ठाकूर, वारली यांच्या घरी मोह असायचा. चैत्राच्या आगेमागे पहाटे मोहाची फुलं गळतात, बायका-पोरं ती वेचतात, उन्हात वाळवतात. ती फुलं टंचाईच्या दिवसांत अन्न म्हणून खाल्ली जात, आणि लग्नात, सणात, देवाच्या नैवेद्यात त्यांची दारू असे.

१८७८ मध्ये मुंबई अबकारी कायदा आला. चार्ल्स प्रिचर्ड हे त्यामागचे मोठे अधिकारी. गावोगावच्या भट्ट्या बंद करून दारू गाळायचा अधिकार मोजक्या मक्तेदारांकडे द्यायचा, त्यांच्याकडून महसूल घ्यायचा, आणि ताडी-माडीच्या एकेका झाडावर कर बसवायचा, अशी ती पद्धत होती. बव्हेरियाच्या राजाने गव्हाचं जे केलं, तेच इथे सरकारने मोहाचं आणि माडाचं केलं. एवढ्याने भागेना, म्हणून १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी खास मोहाचा कायदा झाला. त्याने फुलं गोळा करणं, नेणं-आणणं आणि घरात ठेवणं यांच्यावरच निर्बंध आले. झाडाखाली पडलेलं फूल उचलून घरी आणणं हा गुन्हा ठरू लागला. नुसत्या दारूवर बंदी घालणं वेगळं, आणि एखाद्याच्या पोटाच्या अन्नावर पहारा बसवणं वेगळं. हा फरक त्या कायद्याने पुसला.

स्वातंत्र्याच्या चळवळीने दारूबंदी आपली मानली. त्यामागची तळमळ खरी होती. दारूने घरं उद्ध्वस्त होतात, मजुराचा पगार गुत्त्यात जातो आणि मार बाईला बसतो, हे कुणाला नाकारता येईल? १ ऑगस्ट १९३९ ला बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी आणली. तिचा धडाडीने पुरस्कार केला तो आरोग्यमंत्री डॉ. गिल्डर यांनी, आणि ते स्वतः पारशी. पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. १९५० च्या एप्रिलपासून राज्यभर संपूर्ण दारूबंदी लागू झाली. एफ. एन. बलसारा नावाचे एक गृहस्थ न्यायालयात गेले. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने औषधी आणि प्रसाधनांच्या अल्कोहोलबाबतच्या काही तरतुदी रद्द केल्या, पण दारूबंदीचा मूळ गाभा उचलून धरला.

१९६० च्या दशकात महाराष्ट्रात बंदी सैल झाली. पण कायदा रद्द झाला नाही. तो आजही आहे. फक्त २०१२ मध्ये त्याच्या नावातल्या मुंबईच्या जागी महाराष्ट्र आला. आपल्या राज्यात दारू पिणं हा मुळात गुन्हा, आणि परवाना असेल तर त्या गुन्ह्यातून सूट, अशी त्याची रचना आहे. वाशी-तुर्भ्याच्या रस्त्यावर 'परमिट रूम' अशी पाटी दिसते ना, ती त्या कायद्याचीच खूण. रोज शेकडो जण त्या पाटीखालून आत जातात, पण परमिट कशाचं हे कुणी विचारत नाही. सौम्य बिअर आणि वाइनसाठी वय २१, बाकी मद्यासाठी २५, हाही त्याच चौकटीतला नियम.

याच चौकटीत मोठे कारखाने उभे राहिले. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत बिअरचा मोठा कारखाना झाला. लंडन पिल्सनर हा ब्रँड तिथलाच. नाव लंडनचं, शैली चेक मुलखातल्या पिल्सन गावची आणि पाणी तळोज्याचं. १८४२ मध्ये पिल्सनला जी नितळ सोनेरी बिअर पहिल्यांदा निघाली, तिच्या वंशातली ही. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, असे कारखाने आणखी वाढले. २०१६ च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांच्या पाण्यात आधी ५० आणि मग ६० टक्के कपात करायला सांगितलं. पाचशे वर्षांपूर्वी बव्हेरियात गहू की बिअर हा प्रश्न होता. आपल्याकडे तो पाणी की बिअर असा समोर आला.

लहान भट्ट्यांचं पर्व सुरू झालं ते २००९ मध्ये, पुण्यातल्या डूलाली या महाराष्ट्रातल्या पहिल्या मायक्रोब्रुअरीपासून. मुंबईत २०१३ पासून अशा जागा उघडल्या. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २०१४ च्या सुमारास गेटवे ब्रुइंग सुरू झाली, आणि शिळफाट्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या या पट्ट्यात गव्हाची, कडू, गढूळ अशी सगळी बिअर बनू लागली. चारशे-पाचशे वर्षांत पहिल्यांदाच भट्टीवर उभा असलेला माणूस केवळ चवीचा विचार करून गहू किती आणि हॉप्स किती हे ठरवतो आहे. कर आणि परवाना सुटलेला नाही, पण पातेल्यात काय घालायचं हे त्याचं तो बघतो. हा आनंद खरा आहे, तो हिणवायचं कारण नाही.

पण घशात जे रेंगाळतं ते वेगळंच. मघाशी म्हटलं होतं की हॉप्स परदेशाहून येतात. समुद्रमार्गे आपल्या पट्ट्यात येणारा असा माल आज मुख्यतः उतरतो तो न्हावा-शेवाच्या बंदरात. १९८९ मध्ये सुरू झालेलं हे बंदर आहे उरण तालुक्यात. ज्या उरणात मोहाच्या भट्ट्या होत्या, ज्या मुलखात फूल घरी ठेवणं गुन्हा ठरलं, त्याच मुलखाच्या धक्क्यावर आता हॉप्सच्या फुलांचे कंटेनर उतरतात. एका फुलाला बंदर मिळालं, दुसऱ्याच्या वाट्याला पोलीस आले.

यावर कुणी म्हणेल, मग काय मोहाच्या दारूला मोकळं रान द्यायचं? प्रश्न सोपा नाही. गडचिरोलीतल्या बायकांनी लढून १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी आणली. गावोगाव 'बाटली आडवी' करणाऱ्या बायकांनी मतदानाने दुकानं बंद पाडली. त्यांना चवीचा इतिहास सांगायला जाणं हा उद्धटपणा होईल. दुसरीकडे, चोरून गाळलेल्या आणि विकलेल्या विषारी दारूने २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरहून अधिक माणसं मेली. मिथेनॉल प्यायलेली ती माणसं गरीब वस्तीतली होती. चांगलं, तपासलेलं, नाव असलेलं पेय त्यांच्या आवाक्यात नव्हतं. कायद्याची झळ कुणाला बसते आणि सूट कुणाला मिळते, हे या दोन टोकांच्या मध्ये कुठे तरी शोधावं लागतं.

शेजारच्या राज्यांनी थोडी वेगळी वाट धरून पाहिली. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने फेणीला वारसा पेय म्हणून मान दिला. मध्य प्रदेशाने २०२२ च्या धोरणात आदिवासींच्या मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून जागा दिली. या निर्णयांचं पुढे काय होतं ते काळ ठरवेल. पण निदान त्यांनी एक मान्य केलं, की गावाच्या चवीला गुन्हेगारीच्या खात्यातून काढून ओळखीच्या खात्यात घालता येतं.

आयपीएतला 'आय' म्हणजे इंडिया. जी बिअर इथे बनली नव्हती, जी इथल्या माणसाने जवळजवळ चाखलीही नव्हती, तिला आपल्या देशाचं नाव मिळालं आणि ते जगभर गेलं. जे पेय उरणच्या काठावर निघत होतं त्याला फक्त कलमाचा नंबर मिळाला. गव्हाने आपल्यावरची बंदी तीन-साडेतीनशे वर्षांनी उठवून घेतली, कारण एक माणूस अर्ज घेऊन राजाकडे गेला. हूखार्डनची चव परत आली, कारण एका दूधवाल्याला ती आठवत होती. चवी अशाच टिकतात. कुणाला तरी त्या आठवाव्या लागतात, आणि कुणी तरी त्यांच्यासाठी अर्ज करावा लागतो. रायगडच्या कातकरी वाडीत पहाटे मोह वेचणाऱ्या म्हातारीला ती चव अजून आठवते. तिच्या वतीने अर्ज कुणी करायचा, एवढाच प्रश्न शिल्लक आहे.